नळीने जेवणारे बाळ तोंडाने कधी जेवू लागेल?

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी एकदा मांडते, म्हणजे माझ्या समजुतीत काही चुकले असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल. मुलगा १९ महिन्यांचा आहे. जन्म गर्भारपणाच्या २९ व्या आठवड्यात झाला, त्यानंतरचे बरेच आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आणि त्यांतले काही व्हेंटिलेटरवर गेले. आधी नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब होती, नवव्या महिन्यात गॅस्ट्रोस्टॉमी करून, म्हणजे पोटावर छिद्र करून, थेट जठरात नळी बसवली. आता वजन ९ किलो आहे, दिवसातून पाच वेळा नळीतून १६० मिलिलिटर फीड, म्हणजे पातळ आहार, जाते, आणि चमचा दिसला की तो ओठ घट्ट मिटून मान फिरवतो, कधी नुसत्या वासानेही उमासे येऊन ओकतो. डॉक्टरांनी ‘आता तोंडाने सुरू करा’ एवढेच सांगितले आहे. सासूबाईंचे म्हणणे, नळी काढून टाका, भूक लागली की आपोआप खाईल. आणि तुमच्या यजमानांनी परदेशातल्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला आहे, ज्यात अशी मुले तीन आठवड्यांत जेवू लागतात. शेवटच्या ओळीत तुम्ही जरा संकोचाने विचारले आहे, की त्याचे उष्टावण राहून गेले आहे, ते आता करावे का.

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि गेली १७ वर्षे माझे बहुतेक काम गिळण्याच्या व खाण्याच्या अडचणी असलेल्या लहान मुलांबरोबर चालते. तुमचा प्रश्न ‘नळी कधी काढायची’ असा असला, तरी माझ्या कामात ती गोष्ट सर्वांत शेवटी येते. त्याआधी दोन गोष्टी जागेवर यायला हव्यात. तोंडात गेलेली वस्तू त्रास देत नाही हे मुलाला पटले पाहिजे, आणि भूक म्हणजे काय हे त्याला कळले पाहिजे. तुमच्या मुलाला या दोन्हींपैकी काहीच अजून शिकायला मिळालेले नाही, आणि त्यात दोष कोणाचाच नाही.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांची लय बाळाला गर्भारपणाच्या साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागते. तुमचा मुलगा त्याच्या पाच आठवडे आधीच बाहेर आला. ज्या दिवसांत तोंडाशी आईचे दूध यायचे, त्या दिवसांत त्याच्या तोंडाशी श्वासाची नळी, ती धरून ठेवणारी चिकटपट्टी आणि घशातला कफ ओढणारे सक्शन आले. पुढे राइल्स ट्यूब दर वेळी बदलताना नाकाघशातून तीच ओरखड्याची जाणीव झाली. अशा मुलाने चमचा पाहून ओठ मिटले तर तो हट्ट करतो आहे असे मी म्हणत नाही. अनुभवावरून तो शहाणपणाने वागतो आहे. भुकेचे सांगायचे, तर दर चार तासांनी पोट आपोआप भरत असेल तर पोटातल्या त्या पोकळीचा आणि तोंडाचा काही संबंध आहे हे त्याने शिकावे तरी कसे?

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते स्पष्टपणे सांगते, कारण या मुलाला मी पाहिलेले नाही. पहिला प्रश्न गिळणे सुरक्षित आहे का, हा आहे. घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरत असेल तर आपण पुढे बोलतो आहोत त्यातले काहीही करायचे नाही. पिताना ठसका लागणे, प्यायल्यावर आवाज गुळणी केल्यासारखा ओला येणे, डोळ्यांत पाणी येणे, ओठांभोवती रंग बदलणे, वारंवार छाती भरणे किंवा न्यूमोनिया होणे, ही त्याची चिन्हे आहेत. काही मुलांत मात्र ठसका लागतच नाही आणि द्रव निमूटपणे फुप्फुसाकडे जातो; मुदतीआधी जन्मलेल्या आणि दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्या मुलांत ही शक्यता मी नेहमी मनात धरते. मुलाच्या हृदयाजवळची पीडीए नावाची वाहिनी शस्त्रक्रियेने बंद केली असेल आणि त्याचा रडण्याचा आवाज घोगरा किंवा अगदी बारीक असेल, तर हे आवर्जून सांगा. त्या शस्त्रक्रियेत डाव्या स्वररज्जूच्या मज्जातंतूला इजा होऊ शकते आणि स्वररज्जू नीट मिटला नाही तर श्वासनलिकेचे दार अर्धवट उघडे राहते. शंका असेल तिथे व्हिडिओफ्लुरोस्कोपी करतात: एक्स-रेत उठून दिसणारे बेरियम मिसळलेले पाणी व पेज मूल गिळते आणि त्याच वेळी एक्स-रेचे चलचित्र घेतले जाते. ही सोय बहुधा मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतच मिळते. पण गॅस्ट्रोस्टॉमी मुळात कशासाठी झाली, गिळणे असुरक्षित होते म्हणून की केवळ वजन वाढत नव्हते म्हणून, याचे उत्तर जुन्या डिस्चार्ज कार्डात बहुतेक वेळा सापडते. ते कार्ड आधी काढून वाचा.

दुसरी गोष्ट पोटाची. बद्धकोष्ठ असलेले मूल जेवत नाही, मग नळी असो वा नसो. शौच खड्यासारखी होत असेल, दोन-तीन दिवसांनी होत असेल, तर प्रथम ते दुरुस्त करून घ्या. फीडनंतर आंबट पाणी वर येत असेल, पाठ ताणून रडत असेल, तर त्यावर उपचार हवेत. रक्तातले हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत लोहाचा साठा जन्मतःच कमी असतो आणि लोह कमी पडले की भूक मंदावते. या साध्या गोष्टी राहून गेल्यामुळे सहा-सहा महिने थेरपी वाया गेलेली मी पाहिली आहे.

हे सगळे ठीक आहे असे धरून पुढे लिहिते. सुरुवात अन्नाने करू नका, बसण्याने करा. आपल्याकडे बाळाला पाय पसरून त्यावर आडवे घेतात आणि बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला ते चालून जाते, पण ज्याचे गिळणे कच्चे आहे त्याच्या घशात तसे सगळे एकदम ओघळते. त्याला ताठ बसवा, कंबर मागे टेकलेली, गुडघे काटकोनात आणि तळपाय कशावर तरी टेकलेले. महागड्या खुर्चीची गरज नाही. लहान प्लास्टिकची खुर्ची, दोन्ही कुशींना गुंडाळलेले टॉवेल आणि पायांखाली घरातला पाट, एवढ्यावर माझ्या ओळखीची कितीतरी मुले जेवायला शिकली. पाय लटकत असले की मुलाची निम्मी शक्ती तोल सांभाळण्यात जाते, हे खुर्चीवर पाय अधांतरी ठेवून पाणी प्यायल्यावर आपल्यालाही जाणवते.

मग त्याला तुमच्या जेवणाच्या वेळी तुमच्यासोबत बसवा आणि त्याचे नळीचे फीड त्याच वेळी, तिथेच द्या. बहुतेक घरांत फीड आतल्या खोलीत, मूल झोपलेले किंवा मोबाइलवर गुंतलेले असताना उरकले जाते, कारण तेव्हा ते हलत नाही. सोय समजते, पण त्यामुळे पोट भरणे आणि ताट, वास, माणसे यांची गाठ पडत नाही. फीड ढकलू नका. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरा आणि वीस-पंचवीस मिनिटांत आपल्या ओघाने उतरू द्या. घाईने ढकललेले फीड पोट ताणते आणि तेच ओकारीला कारण होते. हळूहळू सिरिंज धरायचे काम त्याला द्या.

समोर एक छोटे ताट ठेवा. त्यात तुमच्याच ताटातले मऊ काहीतरी असू द्या: वरण-भात, उकडलेला लाल भोपळा, पिकलेले केळे, दही. त्याने ते खावे अशी अपेक्षा करू नका. बोट बुडवले, कपाळाला फासले, जमिनीवर टाकले, सगळे चालेल. लाळेरे बांधा आणि खाली जुनी चादर अंथरा. मला या टप्प्यावर पालकांकडून एकच गोष्ट हवी असते, आणि तीच सर्वांत अवघड असते. त्याच्या तोंडाजवळ काहीही न्यायचे नाही. वस्तू त्याच्या हातापर्यंत न्या. हात ते तोंड हे अंतर त्याचे आहे. भरलेला चमचा द्यायचा असेल तर दांडा त्याच्याकडे करून द्या. ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ म्हणत, तोंड उघडल्याची संधी साधून घास आत सारणे ही आपल्या घरांतली गोड युक्ती आहे, पण ज्या मुलाच्या तोंडाने एवढे सोसले आहे त्याच्याबाबतीत ती विश्वासघातच ठरते. मोबाइल दाखवून भरवण्याचेही तेच.

मी हे अनुभवातून सांगते आहे, आणि तो अनुभव माझ्या चुकीचा आहे. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक दोन वर्षांची मुलगी होती. मी तिच्या आईला वही घालून दिली होती, रोज किती चमचे पोटात गेले ते लिहायचे. तीन चमचे, सात, अकरा. आकडे वाढत होते आणि मी खूश होते. चौथ्या आठवड्यात ती मुलगी स्टीलच्या वाटीत चमचा वाजल्याचा आवाज ऐकूनच ओकू लागली. वाटी दुसऱ्या खोलीत, भांड्यांच्या रॅकवर वाजली तरीसुद्धा. अकरा चमच्यांपैकी किती तिने घेतले आणि किती आम्ही घातले, हे वहीत कुठेच नव्हते. पुढे तीन महिने वाटी-चमचा पूर्ण बंद ठेवून आम्ही पुन्हा सुरुवात केली, आणि तिने स्वतःहून चाखलेली पहिली गोष्ट म्हणजे आजोबांच्या ताटातला लोणच्याचा खार. बोट बुडवले, चाटले, तोंड वेडेवाकडे केले, पुन्हा बुडवले.

तो खार अपवाद नव्हता. नळीवर वाढलेल्या अनेक मुलांना सपक, गोडसर पदार्थांपेक्षा खारट, आंबट, ठसठशीत चव आधी आवडते, बहुधा ती तोंडात स्पष्टपणे जाणवते म्हणून. म्हणून नाचणीसत्त्व नाकारले म्हणजे सगळेच नाकारले असे समजू नका. लिंबू पिळलेले वरण, ताकाची कढी, टोमॅटोचे सार, यांत बोट किंवा मऊ ब्रश बुडवून त्याच्या हाती द्या. चवीपुरते मीठ चालते, वाटीभर नव्हे.

उमासे आले तर घाबरू नका, पण उमासा आणि गुदमरणे यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. उमासा आवाज करतो, चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते. तो घशाचा पहारेकरी आहे आणि सरावाने मागे सरकतो. गुदमरलेले मूल आवाज करू शकत नाही, रडू शकत नाही आणि निळसर पडते. त्या वेळचे प्रथमोपचार तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, खोबऱ्याचे कडक तुकडे यांपासून त्याला काही वर्षे दूरच ठेवा.

चाखणे रोजचे झाले, उमासे कमी झाले, काही घोट किंवा काही घास तो स्वतःहून घेऊ लागला, की मग भुकेचा प्रश्न घ्यायचा, तोही बालरोगतज्ज्ञांना सोबत घेऊनच. इथे थोडा हिशेब करू. तुमचे पाच फीड मिळून ८०० मिलिलिटर होतात, आणि प्रत्येक फीडच्या आधी व नंतर नळी धुण्यासाठी १० मिलिलिटर पाणी जात असेल तर आणखी १००, म्हणजे एकूण ९००. पहिल्या १० किलोंपर्यंत किलोमागे १०० मिलिलिटर या सर्वमान्य हिशेबाने ९ किलोच्या मुलाला दिवसाला तेवढेच द्रव लागते. म्हणजे फीड कमी करताना उष्मांक कमी झालेले काही काळ चालतील, पाणी कमी झालेले चालणार नाही. सासूबाईंच्या सल्ल्यात नेमकी हीच अडचण आहे. भूक लागली की मूल खाईल हे त्यांचे म्हणणे निरोगी मुलाबाबत खरे आहे, पण ज्याला भुकेवर उपाय म्हणजे तोंड हेच ठाऊक नाही ते मूल खाणार नाही. आधी ते कोरडे पडेल, मग सुस्तावेल, आणि सुस्तावलेल्या मुलाला भूक जाणवतच नाही.

माझी पद्धत अशी, की पहाटे ५ चे फीड प्रथम निम्मे करायचे, १६० चे ८०. एकूण आहारातला हा दहावा भाग आहे. सकाळी ९ ला सगळे नाश्त्याला बसतात तेव्हा त्याच्या पोटात पहिल्यांदाच थोडी जागा असते. कमी केलेले ८० मिलिलिटर मी पाण्याच्या रूपाने नळीतूनच परत देते, पण नाश्ता संपल्यावर. आधी दिले तर पाण्यानेच पोट भरते. आठवडाभर हे चालू ठेवून वजन, लघवी आणि त्याचा उत्साह पाहायचा, आणि मगच ते फीड पूर्ण काढायचे. रात्रीचे आणि पहाटेचे फीड शेवटपर्यंत ठेवून दिवसाचे आधी कमी करणारे सहकारीही मला माहीत आहेत आणि त्यांचीही मुले जेवू लागतात; माझा कल सकाळकडे आहे, कारण सकाळी मूल ताजेतवाने असते आणि घरातले मोठेही कमी थकलेले असतात.

या काळात वजन थोडे घटते किंवा अडते, आणि याची कल्पना आधी दिली नाही तर घर हादरते. किती घट चालेल हे डॉक्टरांनी आधीच ठरवून लिहून द्यावे. ज्यांच्याबरोबर मी काम करते ते साधारण ५ टक्क्यांवर रेघ ओढतात, म्हणजे तुमच्या मुलासाठी ४५० ग्रॅम. जी मुले मुळातच कमी वजनाची आहेत किंवा ज्यांना हृदयाचा, मूत्रपिंडाचा अथवा चयापचयाचा आजार आहे, त्यांच्यासाठी ही रेघ आणि वरचा पाण्याचा हिशेब दोन्ही वेगळे असतात. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, त्याच वेळी, डायपर काढून करा. रोज करू नका. लघवी कमी किंवा गडद झाली, ओठ सुकले, मूल पेंगू लागले, तर वजनाची वाट न पाहता पूर्ण फीड परत सुरू करा आणि डॉक्टरांना कळवा. सर्दी-तापात किंवा जुलाबात मागे यावे लागले तरी ती हार समजू नका. नळी त्याचसाठी आहे.

व्हिडिओबद्दल तुमच्या यजमानांना एवढे सांगा, की ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथील विद्यापीठाच्या बालरुग्णालयात असे काम अनेक वर्षे चालत आले आहे आणि त्यात तथ्य आहे. तिथे फीड झपाट्याने कमी करतात आणि मुलांना जमिनीवर पसरलेल्या अन्नाच्या मधोमध खेळायला सोडतात, कोणी भरवत नाही. व्हिडिओत जे ठळकपणे दिसत नाही ते म्हणजे त्यामागे रोज तपासणारे डॉक्टर, थेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांचे पथक असते आणि मुले आधी निवडलेली असतात. जमिनीवरचा खेळ घरी जरूर आणा. फीडची ती वेगवान कपात घरी करू नका.

किती दिवस लागतील, याचे उत्तर मी कोणालाच तारखेत देत नाही. त्याचे दुरुस्त वय, म्हणजे जन्माच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेले वय, साडेसोळा महिने आहे, चावण्याचा सराव शून्य आहे, त्यामुळे महिन्यांचा हिशेब मनात धरा. तोंडाने पुरेसे जेवू लागल्यावरही गॅस्ट्रोस्टॉमीची नळी आम्ही लगेच काढत नाही. किमान दोन-तीन महिने ती न वापरता, आणि मधला एखादा आजारही तोंडी खाण्यापिण्यावर निभावून, वजन टिकले पाहिजे. ती कधी चुकून निघाली तर मात्र ताबडतोब रुग्णालयात जा, कारण पोटावरचे छिद्र काही तासांतच आकसू लागते.

जवळ थेरपिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये, चौकशी करा; राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती केंद्रे चालतात आणि तपासणी मोफत असते. खासगी थेरपिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि लहान मुलांच्या गिळण्यावर त्यांनी काम केले आहे का, हे दोन्ही विचारा. बोलण्यावर उत्तम काम करणाऱ्या प्रत्येकाला गिळण्याचा अनुभव असतोच असे नाही.

आणि उष्टावण. ठसक्याची शंका नसेल तर अवश्य करा, तेही दुसऱ्या वाढदिवसाची वाट न पाहता. फक्त मामाला आधी फोन करून सांगा, की भाच्याला घास भरवायचा नाही. पाटावर त्याच्या शेजारी बसून स्वतः खीर खायची. चांदीची वाटी मुलाच्या पुढ्यात ठेवा, तीत खीर जरा घट्टच असू द्या. फोटो काढणाऱ्यांना लांब उभे करा. त्याने हात घातला तर घातला, नाही घातला तर वाटी उचलू नका, सगळ्यांची पंगत उठेपर्यंत ती तिथेच राहू द्या.